पडद्याविना गाणं : ‘डिस्को दीवाने’विषयी

नाझिया हसनचं नाव काढलं की समोरचा माणूस हटकून ‘कुर्बानी’वर येतो. झीनत अमान, ‘आप जैसा कोई’, फिरोज खानची ऐट, आणि गप्पा तिथंच थांबतात. पुढच्याच वर्षी, १९८१ साली, आलेला ‘डिस्को दीवाने’ हा तिचा पहिला अल्बम बोलण्यात आलाच तर त्या गाण्याची शेपूट म्हणून येतो. एक गाणं गाजलं, मग कंपनीनं लोखंड गरम आहे तोवर घण घातला, इतकीच त्याची नोंद. हे पुस्तक त्या शेपटीबद्दल आहे. माझ्या मते गोष्ट नेमकी उलटी आहे. ‘कुर्बानी’तलं गाणं ही नांदी होती, पडदा वर गेला तो ‘डिस्को दीवाने’च्या वेळी. खरं तर तेव्हा पडदाच नव्हता, आणि या पुस्तकाचा विषय तोच आहे.

आधी थोडी ओळख. नाझियाचा जन्म १९६५ चा, कराचीतला. बालपण कराची आणि लंडन असं दोन्हीकडे गेलं. पाकिस्तान टेलिव्हिजनवर संगीतकार सोहेल राणा मुलांसाठी गाण्यांचा कार्यक्रम करत, त्यात ती आणि तिचा धाकटा भाऊ झोहेब गायचे. लंडनमध्ये कुणाकडच्या तरी मेजवानीत फिरोज खानची आणि तिची गाठ पडली. ‘कुर्बानी’ तेव्हा घडत होता. चित्रपटाचं संगीत कल्याणजी-आनंदजींचं. पण एक गाणं फिरोजला अगदी वेगळ्या धाटणीचं हवं होतं आणि त्यासाठी त्यानं बिद्दूला गाठलं होतं. बिद्दू मूळचा बंगळूरचा. साठच्या दशकात तो इंग्लंडला गेला आणि तिथंच नावारूपाला आला. कार्ल डग्लसचं ‘कुंग फू फायटिंग’ हे १९७४ मधलं गाणं त्यानं केलेलं. ते करायचं होतं तबकडीच्या मागच्या बाजूसाठी, घाईघाईत, आणि झालं अटलांटिकच्या दोन्ही काठांवर पहिल्या क्रमांकाचं. टीना चार्ल्सचं ‘आय लव्ह टू लव्ह’ही त्याचंच. फिरोज खानसुद्धा जन्मानं बंगळूरचा. म्हणजे बंगळूरची दोन माणसं, कराचीची एक शाळकरी मुलगी, झाशीकडचे गीतकार इंदीवर आणि लंडनचा स्टुडिओ. या जुळणीतून ‘आप जैसा कोई’ निघालं. १९८१ मध्ये फिल्मफेअरचं पार्श्वगायिकेचं पारितोषिक नाझियाला मिळालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती.

हे सगळं पुष्कळांना माहीत आहे. मला थांबायचं आहे ते त्या गाण्यातल्या एका विसंगतीपाशी, कारण अल्बमची किल्ली तिच्यात आहे. पडद्यावर तिशीच्या उंबरठ्यावरची झीनत अमान आहे, आपल्या रूपाची पुरती जाण असलेली. आवाज मात्र तिचा नाही आणि तिच्या वयाचाही नाही. तो शाळकरी मुलीचा आहे: किंचित अनुनासिक, सपाट, लाडिकपणाचा प्रयत्नही न करणारा. आपल्या पार्श्वगायनाची सारी कला आवाज आणि चेहरा यांचा सांधा दिसू न देण्यात आहे. आशाबाई हेलनसाठी गातात तेव्हा आपण हेलनलाच गाताना ऐकतो. इथं तो सांधा उघडा पडला होता, आणि तरी लोक गाण्यावर फिदा झाले. का झाले, याचं साधं उत्तर असं की त्या आवाजाला नटीची गरजच नव्हती. ‘डिस्को दीवाने’नं नटी काढून टाकली आणि आवाज तसाच ठेवला.

आता त्या आवाजावर बिद्दूनं काय केलं ते पाहू. त्या काळी मुंबईत गाणं ध्वनिमुद्रित व्हायचं ते ताडदेवच्या फिल्म सेंटरमध्ये किंवा वांद्र्याच्या मेहबूबमध्ये, आणि ते बहुतेक वेळा एकत्र व्हायचं. पन्नास-साठ वादक, कोरस, काचेपलीकडे गायिका. एखाद्या व्हायोलिनवाल्याचा गज घसरला की सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून. या पद्धतीनं जी गाणी झाली ती आपण आयुष्यभर गुणगुणतो, तेव्हा तिला नावं ठेवायचं कारण नाही. पण तिच्यात गायकाला एका दमात, एकसंध, निर्दोष गावं लागतं. ती पद्धत तयारीच्या गळ्यांसाठी घडली आणि तिनं तयारीचे गळे घडवले. लंडनला बिद्दूच्या हाताशी चोवीस ट्रॅकचं यंत्र होतं. प्रत्येक वाद्य वेगळं घ्यायचं, वेगळं तासायचं, मग एकत्र बसवायचं. आणि गायिकेकडून एकच ओळ दोनदा गाऊन घेऊन एकीवर दुसरी चढवायची. चांगले हेडफोन लावून ऐका: ओळीच्या शेवटी दोन आवाज अगदी एकाच क्षणी थांबत नाहीत. एक केसभर आधी सुटतो, दुसरा केसभर नंतर. तेवढ्या फटीतून आवाजाला रुंदी येते, थोडी थंड चकाकी येते आणि गळ्याचं कोवळेपण झाकलं न जाता उलट उठून दिसतं. तबल्या-पेटीच्या बैठकीत हाच गळा चार मिनिटं तग धरू शकला नसता. इथं तो यंत्राचा भाग होऊन बसतो आणि तरी माणसाचा राहतो. खालून पायात वाजणारा बेस ड्रम प्रत्येक मात्रेवर ठोका देतो, दोन ठोक्यांच्या मध्ये झांजेची चिमटी, वर तारवाद्यांची लाट, आणि या साऱ्याच्या मधोमध ती जवळजवळ निर्विकारपणे गात असते. नाचणाऱ्यांनी नाचावं, ती कुणाला ‘या’ म्हणून विनवत नाही.

नेमकं हेच जाणकारांना खुपलं. आवाजात वजन नाही, फिरत नाही, शब्द लंडनच्या चाकोरीतून बाहेर पडतात, ही सगळी तंत्राची करामत: आक्षेप या जातीचे होते आणि ते खोटे नव्हते. लताबाईंच्या तारसप्तकाला सरावलेल्या कानाला हा गळा अर्धवट वाटणारच. पण आक्षेप घेणाऱ्यांच्या हातातला गज दुसऱ्याच कापडाचा होता. पार्श्वगायिकेनं कुणाही नायिकेचं दुःख आणि कुणाही नायिकेचा आनंद गळ्यातून वठवावा ही अपेक्षा असते. नाझिया कुणाचंच काही वठवत नव्हती. पंधरा-सोळा वर्षांची मुलगी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीसारखीच गात होती, आणि हे आपल्याकडच्या बाजारात इतकं नवं होतं की ते उणेपण वाटलं. तिच्या वयाच्या श्रोत्यांना मात्र ते तसं वाटलं नाही. तोवर त्यांच्या वतीनं गाणारे सगळे त्यांच्या आई-वडिलांच्या पिढीतले होते.

इथं मराठी वाचक मला अडवणार, आणि त्यानं अडवावंच. सिनेमाशिवायचं गाणं आपल्याला नवं कधी होतं? जी. एन. जोशींच्या ‘रानारानांत गेली बाई शीळ’पासून भावगीतांच्या तबकड्या घरोघर वाजत होत्या. गजाननराव वाटव्यांना ऐकायला चौकाचौकांत गर्दी लोटायची. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं तेव्हा लोक रेडिओला हार घालत. अरुण दात्यांचं ‘शुक्रतारा’ कुठल्या चित्रपटातलं होतं? तेव्हा ‘भारतात सिनेमाबाहेर गाणंच नव्हतं, नाझियानं ते आणलं’ हे इंग्रजी लेखांतून सर्रास फिरणारं विधान मराठी माणसाने मुकाट्यानं गिळू नये. बंगालीनंही गिळू नये. त्यांच्याकडे पूजेच्या गाण्यांची मोठी परंपरा आहे.

फरक कशात होता ते मात्र नीट सांगायला हवं. भावगीत कवीचं असतं. तबकडीवर गायकाचं नाव ठळक असलं तरी ऐकणारा शब्दांसाठी थांबतो, आणि ऐकतो तो बसून, बहुधा घरच्यांबरोबर. ‘डिस्को दीवाने’चे शब्द खरं सांगायचं तर बेताचे आहेत. काही ठिकाणी ते केवळ ताल सांभाळायला आले आहेत. ही गाणी कवितेसाठी कुणी घेतली नाहीत, कथेसाठी घेतली नाहीत, नटासाठी घेतली नाहीत. घेतली ती गाणाऱ्या मुलीसाठी आणि नाचण्यासाठी, आणि ऐकली ती शक्यतो घरचे नसताना. गाणारी, तिचं वय, तिचे कपडे, तिचा भाऊ, तिची लंडनची शाळा हे सगळं मिळून एकच वस्तू विकली जात होती. याला पॉप म्हणतात. ते चांगलं की वाईट हा प्रश्न वेगळा. पण हिंदी-उर्दूच्या एवढ्या मोठ्या बाजारात ते इतक्या ढळढळीतपणे आधी घडलं नव्हतं.

पाश्चात्त्य बाज आणण्याचं श्रेयही या अल्बमला देऊ नये. तो मुंबईत पूर्वीपासून होता आणि त्यात गोव्याच्या माणसांचा वाटा फार मोठा. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांच्यासारख्या अरेंजर-वादकांनी चर्चमध्ये आणि जाझ बँडमध्ये कमावलेली विद्या हिंदी गाण्यात ओतली. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांची नावं क्वचित दिसली, हे आपल्या चित्रपटसृष्टीचं जुनं कर्ज. त्यांच्या हातची हार्मनी मात्र गाण्याच्या पोटात असायची, कथेच्या गरजेनुसार येऊन जाणारी. क्लबचा प्रसंग आला की ट्रम्पेट, देवळाचा आला की बासरी. बिद्दूला प्रसंगाचं बंधनच नव्हतं.

आता धंद्याची बाजू. ‘कुर्बानी’च्या तबकड्या पॉलिडोरच्या, आणि ‘डिस्को दीवाने’ भारतात काढला एचएमव्हीनं. प्रतिस्पर्ध्याच्या दुकानात हिऱ्याच्या भावानं गेलेली मुलगी एचएमव्हीनं सिनेमाशिवाय उभी केली. ज्या कंपनीनं दशकानुदशकं चित्रपटसंगीताच्या जोरावर राज्य केलं तिनं हा डाव टाकला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. चाली बिद्दूच्या आणि झोहेबच्या. झोहेब काही गाण्यांत गातोही. मुंबईत पहिल्याच दिवशी लाखभर प्रती गेल्याचं आजवर ठिकठिकाणी छापलं गेलंय. खपाचे असे आकडे मी या पुस्तकात जपूनच वापरले आहेत, कारण आकडे या धंद्यात जाहिरातीचंही काम करतात. पण अल्बम तडाख्यानं खपला यात वाद नाही, आणि त्याचा खरा प्रसार तर कुठल्याच वहीत नोंदला गेला नसणार. ती वर्षं कॅसेटच्या लोंढ्याची. आखातात नोकरीला गेलेला कोकणातला माणूस सुट्टीवर येताना टू-इन-वन घेऊन यायचा. रत्नागिरी-रायगडकडच्या कितीतरी घरांत पहिलं टेप वाजवायचं यंत्र आलं ते असं, दुबई नाही तर कुवेतहून. त्यावर घरच्यांना ऐकवायला कव्वाली, नाट्यगीतं, अभंग, आणि मुलांना ऐकायला हे. एका कॅसेटवरून दुसरी भरून घेणं हा तेव्हा गुन्हा वाटत नसे, शेजारधर्म वाटे.

गंमत अशी की हे सगळं होत होतं तेव्हा अमेरिकेत डिस्कोचं दहावं-तेरावंही आटोपलं होतं. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानावर बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग रचून स्फोटानं उडवला गेला, प्रेक्षक मैदानात घुसले आणि दुसरा सामना रद्द करावा लागला. त्या चिडीमागे संगीताची नावड होती तितकीच काळ्यांविषयीची आणि समलिंगी लोकांविषयीची अढीही होती, असं पुढं अनेक अभ्यासकांनी मांडलं. बिद्दूसारख्या निर्मात्याला तिकडची हवा फिरलेली कळत नव्हती असं नाही. तिकडं शिळा झालेला माल त्यानं इकडं खपवला, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. न्यूयॉर्कच्या डिस्कोत घाम आहे, शरीर आहे, रात्रीचा माज आहे. नाझियाच्या डिस्कोत एक शुचिर्भूत अंतर आहे. खोलीचं दार लावून आरशासमोर नाचणाऱ्या मुलीचा तो डिस्को. तो उष्टा नव्हता. तो दुसराच पदार्थ होता.

पाकिस्तानात या अल्बमचं स्वागत अधिक गुंतागुंतीचं झालं. जनरल झियांची राजवट १९७७ पासून चालू होती. टेलिव्हिजन सरकारी. निवेदिकेच्या डोक्यावर पदर असावा असा आग्रह धरणाऱ्या त्या पडद्यावर एक कराचीची मुलगी डिस्को गात होती, आणि ती भारतात पारितोषिक मिळवून आलेली. तिला सरळ बंद करावं तर ती देशाचं नाव काढणारी, दाखवावं तर ती नाचणारी. यावर काढलेला तोडगा त्या काळाला शोभेसाच होता: ती दाखवायची, पण कॅमेरा कमरेच्या खाली उतरू द्यायचा नाही. भारतात तेव्हा असा सरकारी धाक नव्हता, पण आपल्याकडची नाकं मुरडणारी मंडळीही काही कमी नव्हती. ‘पोरांना नादी लावणारी’ हा शेरा सीमेच्या दोन्ही बाजूंना एकाच उत्साहानं मारला जात होता.

दोन्हीकडे पुढं काय झालं ते मात्र अगदी निराळं आहे. पाकिस्तानात सिनेमाचा धंदा खंगत चालला होता, त्यामुळे नव्या गाण्याला गिळायला कुणी मोठा मासा शिल्लक नव्हता. व्हायटल साइन्स या बँडचं ‘दिल दिल पाकिस्तान’ १९८७ मध्ये आलं. नाझिया-झोहेबनं ‘म्युझिक ८९’ हा कार्यक्रम सादर केला, शोएब मन्सूरनं तो केला होता, आणि बँडवाल्या मुलांची एक पिढी त्या पडद्यावरून घराघरांत पोचली. तिथल्या पॉपची वंशावळ या अल्बमपासून सुरू होते असं म्हणायला जागा आहे.

भारतात सिनेमा धडधाकट होता. त्यानं ‘डिस्को दीवाने’कडून डिस्को तेवढा उचलला आणि दीवानी मुलगी सोडून दिली. १९८२ च्या अखेरीस ‘डिस्को डान्सर’ आला. मिथुन, बप्पी लाहिरी, आई, सूड, मरण आणि गिटार. मला तो चित्रपट आवडतो हेही सांगून टाकतो. पण त्यानं गाण्याला पुन्हा कथेच्या दावणीला बांधलं. खुद्द नाझिया-झोहेबचा दुसरा अल्बम ‘बूम बूम’ कुमार गौरवच्या ‘स्टार’ या चित्रपटाला जोडून आला. चित्रपट आपटला, गाणी तरली. यातून एचएमव्हीनं किंवा आणखी कुणी बोध घेतला असता तर सिनेमाबाहेरचं पॉप तेव्हाच उभं राहिलं असतं. ते राहिलं नाही याचं कारण रसिकतेत शोधू नये. गायिका विकायची तर गायिका दिसायला हवी, आणि दाखवणार कुठं? विविध भारती चित्रपटगीतांवर चालायची, दूरदर्शनवर छायागीत आणि चित्रहार. सिनेमा नसलेल्या गाण्याला पडदाच मिळत नव्हता. तो मिळाला उपग्रह वाहिन्या आल्यावर. १९९५ मध्ये अलिशा चिनॉयचं ‘मेड इन इंडिया’ देशभर गाजलं. निर्माता तोच, बिद्दू. ते गाणं आधी आपण नाझियाला देऊ केलं होतं, पण पाकिस्तानी असून असं गाणं गाणं बरं दिसणार नाही म्हणून तिनं नकार दिला, असं त्यानं सांगितलं आहे. चौदा वर्षं आधी तिच्या अल्बमला कुणी राष्ट्रीयत्व विचारलं नव्हतं.

या पुस्तकात मी एक गोष्ट कटाक्षानं टाळली आहे. नाझिया १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये कर्करोगानं गेली, अवघ्या पस्तिसाव्या वर्षी. तेव्हापासून तिच्याविषयी लिहिलेलं जवळजवळ सगळं मृत्युलेखाच्या सुरात आहे: दुर्दैवी लग्न, आजारपण, अकाली अंत, आणि मग त्या प्रकाशात जुनी गाणी ऐकून त्यांत आधीच दुःख सापडल्याचा दावा. ‘लेकिन मेरा दिल’ या संथ गाण्यावर तर हा अन्याय फार होतो. ते एका किशोरीनं गायलेलं विरहगीत आहे, आणि ते ठीकठाकच आहे. तिला पुढं काय भोगावं लागणार हे त्या गाण्याला माहीत नव्हतं. शिवाय या शोककथेत तिचं बाकीचं आयुष्य पुसलं जातं. तिनं कायद्याचं शिक्षण घेतलं, संयुक्त राष्ट्रसंघात काम केलं, अमली पदार्थांविरुद्ध काम करणारी संस्था काढली. गाणं हा तिच्या आयुष्याचा एक भाग होता आणि तिनं तो तेवढाच ठेवला. गाण्यासाठी आयुष्य वाहून घेतलं नाही म्हणून कलावंत दुय्यम ठरवायची आपल्याकडे खोड आहे. तिचा फटका तिला बसला.

अल्बम सर्वांगसुंदर आहे असा माझा दावा नाही. शीर्षकगीत आणि आणखी दोन-तीन गाणी पहिल्या प्रतीची, काही नुसती गोड, आणि शेवटी शीर्षकगीताचंच वाद्यांवर वाजवलेलं रूप, ज्याला भरतीचा माल म्हणण्याखेरीज पर्याय नाही. २०१२ च्या ‘स्टुडंट ऑफ द इयर’मध्ये हेच शीर्षकगीत नव्यानं सजवून आलं, मूळ आवाजाचा तुकडा आत ठेवून. नव्या ध्वनीच्या गदारोळात तो तुकडा आला की गाण्याचं तापमान एकदम उतरतं. बाकीचे सगळे जीव तोडून मजा करत असतात. ती करत नसते.

पुढच्या प्रकरणांची मांडणी गाण्यांच्या क्रमानं नाही. आधी स्टुडिओ, मग बाजार, मग दोन देशांतलं स्वागत आणि शेवटी गाणी, असा क्रम मी ठेवला आहे. संगीताची परिभाषा जिथं टाळता आली तिथं टाळली. जिथं नाही आली तिथं मात्रा, ठेका, सप्तक हे आपलेच शब्द वापरले, कारण डिस्कोचा चार मात्रांचा ठोका समजायला इंग्रजी यावं लागत नाही. गणपतीच्या मिरवणुकीतल्या ताशेवाल्याला तो आपोआप कळतो. ज्यांनी अल्बम कधीच सलग ऐकला नसेल त्यांनी पहिलं प्रकरण वाचण्याआधी तो ऐकावा, शक्यतो चित्र न पाहता. मोबाइलवर नाव टाकलं की पहिल्यांदा ‘कुर्बानी’च समोर येईल, तो ओलांडून पुढं जावं.